पद कुणाचं, चाल कुणाची: नाट्यपदांच्या रेडिओ मालिकेच्या नोंदी

१२ मे २०२५

मालिका मंजूर झाली. अर्ध्या तासाचे तेरा भाग, रविवारी सकाळी, आणि मंगळवारी रात्री पुन्हा. केंद्र लहानसं, कम्युनिटी रेडिओचं. मनोरा बुटका, त्यामुळे ऐकणारे बहुतेक आसपासचेच. प्रमुखांची अपेक्षा एका वाक्यातली: "नाट्यसंगीत लावा, मध्ये दोन शब्द बोला." तेवढ्यासाठी मालिका कशाला, पेनड्राइव्ह पुरेल.

नाट्यपद रेडिओवर लागतं तेव्हा गायकाचं नाव येतं, बहुतेकदा नाटकाचंही येतं. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे एक तर गाळतात, नाहीतर सगळं सरसकट नाटककाराच्या नावावर मांडून मोकळे होतात. म्हणून भाग गायकांवर बेतायचे नाहीत, पदकर्त्यांवर बेतायचे. यादी: किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गुर्जर, सावरकर, वीर वामनराव जोशी, रांगणेकर, विद्याधर गोखले, दारव्हेकर, कानेटकर, शिरवाडकर, शांता शेळके. तेरावा भाग फक्त चालींवर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना स्वतंत्र भाग नाही म्हणून आमचे रेकॉर्डिस्ट नाराज आहेत. पारशी रंगभूमीच्या ढंगाच्या चाली त्यांनी मराठी नाटकात आणल्या, तेव्हा चालींच्या भागात त्यांना पाट मांडलाय.

१५ मे

परवानगीचे कागद. कंटाळवाणं काम, पण मालिकेच्या मुळाशी हेच आहे. प्रसारणाच्या तक्त्यात प्रत्येक पदापुढे गीतकार आणि संगीतकार असे दोन रकाने असतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर मानधनातला आपला वाटा सोडून देण्याची सक्ती गीतकार-संगीतकारांवर करता येत नाही. म्हणजे त्या रकान्यात चुकीचं नाव गेलं की पैसा चुकीच्या घरी जातो.

हिशेब असा. शब्दांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची पदं २००९ पासून सर्वांची झाली. शांता शेळके २००२ मध्ये गेल्या, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हिशेब निराळा, तो प्रसिद्धीच्या वर्षावर चालतो. १९६४ मध्ये बाजारात आलेली तबकडी २०२५ च्या जानेवारीत मोकळी झाली. पण तबकडी मोकळी झाली म्हणून तिच्यावरचे शब्द मोकळे झाले असं होत नाही. नव्या निवेदिकेला हे पटवायला वेळ लागला. "म्हणजे एकाच गाण्याचे तीन मालक?" हो, कधीकधी चार.

२१ मे

किर्लोस्करांच्या भागाची संहिता. 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं, तेही पहिल्या चार अंकांचं. 'सौभद्र'चे सुरुवातीचे अंक १८८२ च्या नोव्हेंबरात. इथे पदकर्ता कोण हा वादच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा यांसारखी वृत्तं, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकाकडचे सूर, जे कानावर होतं ते सगळं उचललं आणि त्यावर शब्द बसवले. प्रेक्षकाला चाल आधीच येत होती, नवे होते ते शब्द. म्हणून पद पहिल्या प्रयोगातच ओठावर बसत असणार, असा माझा अंदाज.

किर्लोस्करांच्या नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांचा आवाज हवा, असा आग्रह प्रमुखांचा. मिळणार नाही. भाऊराव १९०१ मध्ये गेले आणि हिंदुस्थानातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण कलकत्त्याला १९०२ च्या नोव्हेंबरात झालं. ज्या गळ्यासाठी लोक रात्र-रात्र जागले, तो ध्वनियंत्राच्या जेमतेम पुढे निघून गेला. संहितेत हे एवढंच सांगायचं ठरवलं आणि पुढे सरळ 'सौभद्र'मधलं पद, बिनसाथीचं. निवेदिका स्वतः गाते. दिंडीची चाल कुणाही घरातल्या बाईनं म्हणावी तशी. स्टुडिओत सगळ्यांना आवडलं. प्रमुखांना नाही. "साथ नाही, म्हणजे अर्धवट वाटतं." राहू दिलं.

२७ मे

तबकड्या आल्या. ज्या काकांनी दिल्या त्यांनी सुती कापडात एकेक गुंडाळून, मध्ये पुठ्ठे घालून, स्वतः उचलून आणल्या. निवेदिका पुसायला स्पिरिट घेऊन आली तर काका ओरडलेच, "अहो ताई, स्पिरिट नको! लाख आहे ती, विरघळेल." बरोबर आहे. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवायचा आणि मधल्या कागदी चकतीला पाणी लागू द्यायचं नाही. सुईही निराळी. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उकरते.

त्या चकतीकडे जरा निरखून पाहिलं. वर कंपनीचं नाव, खाली पदाची पहिली ओळ, कंसात नाटक, मग गायक. राग लिहिलाय. पदकर्ता नाही, चाल देणारा नाही. काकांच्या पेटीतल्या बहुतेक तबकड्यांची हीच कथा. गौहरजान तर गाणं संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून टाकायची. कवीला ती सोय नव्हती.

वेगाचा प्रश्न. ७८ म्हणून विकलेली प्रत्येक जुनी तबकडी नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेली नसते. ७४ वर मुद्रित झालेली ७८ वर फिरवली तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी एक पट्टीचा गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो, ताना उगाच चपळ वाटतात आणि आपण म्हणतो, काय फिरत होता गळा! ज्या तबकडीत साथीला पेटी किंवा ऑर्गन आहे तिथे त्या पट्टीवरून अंदाज बांधता येतो. जिथे फक्त सारंगी आहे तिथे कान आणि काका.

३ जून

देवल. माझा पक्षपात इथेच कबूल करून टाकतो, पदकर्त्यांमध्ये मला देवल सगळ्यांत जवळचे. १८९९ चं 'शारदा' घ्या. "म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान" ही ओळ गाण्याआधी नुसती वाचून पाहा. बोलण्यातली थट्टा जशीच्या तशी वृत्तात उतरली आहे, एक शब्द ओढूनताणून बसवलेला नाही. आणि त्याच नाटकात "मूर्तिमंत भीति उभी". एका पदात मैत्रिणीची चेष्टा, दुसऱ्यात त्याच लग्नाची धडकी. हे दोन्ही एका पाठोपाठ एक लावायचे, मध्ये निवेदन नाही.

संहितेत एक वाक्य मुद्दाम राखलं, कारण ते कुणीतरी हमखास पत्रानं कळवतं: १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून नाही, तो मांडणारे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून. नाटकानं महाराष्ट्रात जमीन तयार केली हे खरं, पण नावाचा तो योगायोग.

'संशयकल्लोळ'ही यात येतं. देवल जून १९१६ मध्ये गेले आणि त्याचा संगीत प्रयोग त्याच वर्षी ऑक्टोबरात बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं केला. त्यातल्या स्वतःच्या पदांना मिळालेली दाद त्यांनी ऐकली नाही.

१० जून

खाडिलकरांवर येऊन अडकलोय, कारण इथे पदकर्त्याचा भाग संगीतकाराशिवाय उभाच राहत नाही. 'मानापमान' १२ मार्च १९११, चाली गोविंदराव टेंबे. 'स्वयंवर' डिसेंबर १९१६, चाली भास्करबुवा बखले. आधी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी निवडायच्या आणि मग त्यांच्या मापात मराठी शब्द शिवायचे, अशी ही पद्धत.

काकांकडे पदांचं एक जुनं पुस्तक आहे, नाटकगृहाच्या दारात विकत मिळायचं तसलं. कागद पिवळा, टाके सुटलेले. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि मग 'चाल' असं छापून पुढे मूळ हिंदी चिजेचे दोन-तीन शब्द. म्हणजे छापील पुस्तक प्रामाणिक होतं, मूळ धागा कुठला हे ते सांगत होतं. तबकडीवर ती ओळ गेली, रेडिओवर तर तिचा पत्ताच नाही.

ती ओळ डोळ्यासमोर ठेवून "नाथ हा माझा" ऐकलं की खाडिलकरांची अडचण कळते. यमनची बंदिश आधीच ठरलेली. सम कुठे येणार, कुठल्या अक्षरावर तान सुटणार, हे सगळं बुवांच्या हातात. नाटककारानं तेवढ्या जागेत रुक्मिणीचं मन मांडायचं. त्यांच्या शब्दांत जोडाक्षरं दाटतात, समास लांबतात आणि टीकाकार म्हणतात, पदं कळत नाहीत. मला वाटतं, तो सगळा दोष खाडिलकरांचा नाही. पण "कळत नाहीत" हेही खोटं नाही. निवेदिकेनं "युवति मना दारुण रण" हे पद आधी गद्यासारखं वाचून दाखवायचं आणि मग तबकडी लावायची, असं ठरलं. रेकॉर्डिस्ट म्हणाले, "वर्गात बसल्यासारखं होईल." बसू दे.

'मानापमान' म्हटलं की मुलीच्या निधनाच्या दिवशीही बालगंधर्वांनी प्रयोग केल्याची ती हकीकत प्रत्येक निवेदक सांगतो. आपण सांगायची नाही. तिच्याऐवजी ८ जुलै १९२१ चा संयुक्त 'मानापमान' घेऊ. टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. तीनच महिन्यांत केशवराव गेले. चालू प्रयोग मुद्रित करून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे ऐकवायला काही नाही, नुसतं सांगायचं.

१४ जून

आज दिवसभर एका विषयात रमलो, तो मूळ आराखड्यात नव्हता.

नाट्यसंगीत आणि पेटी ही जोडी आपण गृहीत धरतो. टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक. पायपेटी, मग ऑर्गन, हे रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून पदाला पट्टी देणारे. आणि सरकारी रेडिओनं १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला दार बंद केलं. कारण शास्त्राचं दिलं होतं: पेटीचे स्वर ठरावीक अंतरांवर जखडलेले, त्यात श्रुती म्हणजे मधले बारीक स्वर बसत नाहीत, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं निघत नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण ज्या संगीताचा जन्मच पेटीच्या सोबतीनं झाला त्यालाही तोच नियम. रेडिओवर नाट्यपद गायला आलेल्या माणसानं सारंगी नाहीतर व्हायोलिन घ्यावं आणि पेटी बाहेर ठेवावी. बंदी सैल झाली १९७१ मध्ये. टेंबे १९५५ मध्येच गेले होते.

यातून एक गंमत हाती लागते. त्या काळातली रेडिओची मुद्रणं आणि तबकड्या शेजारी ठेवल्या तर पदाचा चेहरा बदललेला दिसतो. पेटी प्रत्येक स्वराला टेकू देते, जागा भरून काढते, गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळते. सारंगी त्याच्या मागोमाग वळणं घेत जाते, त्यामुळे गायकही सुरांवर अधिक रेंगाळतो. गंधर्व मंडळीत दोन्ही होतं, ऑर्गनही आणि कादरबक्षांची सारंगीही, तबल्यावर अहमदजान थिरकवा. रेडिओनं त्यातलं एक काढून घेतलं आणि नकळत नाट्यपदाला मैफलीकडे ढकललं. हे माझं मत, कुणाला पटेल कुणाला नाही. चालींच्या भागाचा निम्मा वेळ याला द्यायचा.

रेकॉर्डिस्टनी दोन मिनिटांचा नमुना करून दिला. तेच पद, तीच गायिका, एकदा पेटीवर, एकदा सारंगीवर. सारंगीवाले सद्गृहस्थ मिळेपर्यंत नाकी नऊ आले. पेटीवाले दारात तिघं उभे होते.

२२ जून

गुर्जरांचा भाग पूर्ण. ही मालिका ज्यासाठी करतोय तो हा भाग.

'एकच प्याला' म्हटलं की गडकरी. नाटक त्यांचंच, सुधाकर, सिंधू, तळीराम त्यांचेच. पण गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि नाटक गंधर्व मंडळीनं बडोद्याला २० फेब्रुवारीला लावलं. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. गुर्जर म्हणजे कथाकार माणूस, पदकर्ता म्हणून त्यांचा गाजावाजा नाही. आणि चाली? त्यांत पुण्याच्या सुंदराबाई जाधवांचा मोठा वाटा. व्ही. शांतारामांच्या १९३९ च्या 'माणूस'मधली आई म्हणून ज्यांना लोक ओळखतात त्याच त्या.

आता "कशी या त्यजू पदाला" ऐका. वडील माहेरी न्यायला आलेत आणि सिंधू नवऱ्याचे पाय सोडायला तयार नाही. गडकऱ्यांच्या गद्यातली सिंधू अलंकारांनी भरलेलं बोलते, गुर्जरांच्या पदातली सिंधू मान खाली घालून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. दोन लेखकांनी मिळून एक बाई उभी केली आहे आणि सांधा दिसत नाही. एरवी पदाचं आणि संवादाचं जमत नाही तेव्हा नाटक थांबून मैफल सुरू होते. इथे तसं होत नाही. गुर्जरांनी दुसऱ्याच्या पात्राचा आवाज ओळखून लिहिलं, आणि त्यांचं कौशल्य इतकं बेमालूम की श्रेय सगळं गडकऱ्यांकडे गेलं.

आमच्या संगणकात या पदापुढे गीतकार म्हणून "राम गणेश गडकरी" असं आधीपासून भरलेलं होतं, कुठल्याशा सीडीच्या माहितीतून आपोआप आलेलं. बदललं. या नाटकाच्या यादीतल्या चारही पदांना बदललं.

२ जुलै

गायक-नट दीनानाथ मंगेशकरांच्या दोन पदकर्त्यांचे भाग एका बैठकीत मुद्रित केले. 'रणदुंदुभि' १९२७ चं, शब्द वीर वामनराव जोशींचे. 'संन्यस्त खड्ग' १९३१ चं, शब्द सावरकरांचे. दोन्हीकडे चाली गायक रामकृष्णबुवा वझे यांच्या. दोन्ही पदकर्ते राजकारणातले, दोघांनी तुरुंग पाहिलेला, त्यामुळे "परवशता पाश दैवे" हे कुणाला उद्देशून आहे ते प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. "शतजन्म शोधिताना" याच्या शब्दांवर आणखी बोलता आलं असतं, वेळ संपला.

जाता जाता 'संत कान्होपात्रा'. १९३१, नाटक ना. वि. कुलकर्णींचं. "जोहार मायबाप जोहार" चोखोबांचं, "अगा वैकुंठीच्या राया" खुद्द कान्होपात्रेचं. तक्ता भरणाऱ्या मुलानं निरागसपणे विचारलं, "सर, चोखामेळा यांचा सदस्य क्रमांक?"

९ जुलै

रांगणेकर आणि गोखले, दोन्ही झाले. 'कुलवधू' १९४२, चाली मास्टर कृष्णराव, गळा ज्योत्स्नाबाई भोळे. पदं मोजकी आणि आटोपशीर. "बोला अमृत बोला" तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत असं बसतं की जणू मापानंच शिवलंय. गोखल्यांचं 'मंदारमाला' १९६३ चं, राम मराठ्यांच्या चाली. वृत्तपत्राच्या संपादकपदाची धावपळ सांभाळून एवढी संस्कृतप्रचुर पदं लिहायची हौस, त्याला दाद द्यायला हवी. मला ती थोडी जड वाटतात. निवेदिकेला तीच सर्वांत आवडतात, म्हणून तो भाग तिनंच लिहिला आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला.

१८ जुलै

दारव्हेकर मास्तर. 'कट्यार काळजात घुसली', २४ डिसेंबर १९६७. इथे रेडिओसाठी आयतं ताट वाढलेलं आहे. "घेई छंद मकरंद" हे एकच पद नाटकात दोन घराण्यांच्या अंगानं येतं. नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याचं, प्रसाद सावकारांच्या गळ्यातलं, सालगवराळी रागात. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेबांचं, वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातलं, धानीत. शब्द तेच. पहिल्यात भुंगा फुलाभोवती सावकाश घिरट्या घालतो, दुसऱ्यात झडप घालतो. दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकी हेच. पदकर्त्यानं शब्द असे ठेवलेत की दोन्ही गतींत ते तुटत नाहीत: ऱ्हस्व अक्षरं भरपूर, अनुस्वार गुणगुणायला सोपे.

एडिट करताना दोन्हींच्या पहिल्या ओळी लागोपाठ जोडल्या. पट्टी जुळत नव्हती, मध्ये तानपुऱ्याचे चार सेकंद टाकून कान स्वच्छ केले. दारव्हेकर आणि अभिषेकी, दोघंही आकाशवाणीत नोकरी केलेली माणसं. हा भाग रेडिओवर शोभतो यात नवल नाही.

२६ जुलै

पदकर्त्यांचे शेवटचे तीन भाग एका सूत्रात ओवले. 'मत्स्यगंधा' १९६४, पदं कानेटकरांची. 'ययाति आणि देवयानी' १९६६, शिरवाडकरांची. 'हे बंध रेशमाचे' १९६८, नाटक रणजित देसाईंचं, पदं शांता शेळक्यांची. तिन्हींना संगीत अभिषेकींचं. संगीतकार एकच असला की पदकर्त्यांतला फरक स्वच्छ ऐकू येतो. "गुंतता हृदय हे" म्हणताना कानेटकर प्रसंगाला चिकटून राहतात. शिरवाडकर प्रसंग ओलांडून जातात, म्हणून "सर्वात्मका सर्वेश्वरा" नाटकातून सुटून शाळांची प्रार्थना झाली. शांताबाई तर अशा लिहितात की "काटा रुते कुणाला" नाटकातलं आहे हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं, भावगीत म्हणून ऐकतात. नाट्यपद म्हणून हा गुण की दोष? आमच्यात एकमत नाही. निवेदनात दोन्ही बाजू ठेवल्या.

इथेही तेच झालं होतं: यादीत गीतकार रणजित देसाई. बदललं. या खेपेला चूक महागात गेली असती, कारण शांताबाईंच्या शब्दांवरचा हक्क जिवंत आहे.

३ ऑगस्ट

पहिला भाग प्रसारित झाला. व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले. एका आजोबांनी 'सौभद्र'मधली अख्खी साकी म्हणून पाठवली, खोकल्यासकट. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती लावू.

प्रमुखांची तक्रार एकच: प्रत्येक पदाआधी नाटक, साल, पदकर्ता, चाल, गायक, साथ एवढं सांगण्यात वेळ जातो, दोन नावं कमी करा. नावं कमी करणार नाही म्हटलं. मग मालिकेची सिग्नेचर ट्यून कापली, चाळीस सेकंदांची पंधरावर आणली. ती ट्यून त्यांच्याच पुतण्यानं केली होती, त्यामुळे सोमवारच्या बैठकीला जरा लवकर जाऊन बसायला हवं.